घड्याळाची स्प्रिंग आणि दाताची भिंत

१/
साल १८३८. वॉशिंग्टन शहरातील एडवर्ड मेनार्ड या पंचविशीतील दंतवैद्याने घड्याळातील एक स्प्रिंग घेतली, कानशीने घासून ती बारीक केली आणि रुग्णाच्या दाताच्या मुळात असलेल्या अरुंद नळीत उतरवली. आतला ठणकणारा मगज तिने बाहेर ओढून काढला. रूट कॅनालच्या आधुनिक हत्यारांचा इतिहास सामान्यतः येथून मोजला जातो.

या धाग्यात त्या स्प्रिंगच्या वंशजांची कथा पाहू. कथेच्या मुळाशी एक प्रश्न आहे : नळी साफ करणारे हत्यार नळीच्या भिंतीचे काय करते?

२/
आधी दाताची रचना थोडक्यात. बाहेरचे पांढरे, कठीण कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या आत डेंटिन, आणि अगदी गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ पल्प. दाताचा बहुतांश भाग डेंटिनचाच असतो.

वजनाने पाहिले तर डेंटिनमध्ये सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ (मुख्यतः कोलॅजेन) आणि १० टक्के पाणी असते. त्यामुळे ते एनॅमलइतके ठिसूळ नसते, भार पडल्यावर किंचित लवते. हे १० टक्के पाणी लक्षात ठेवा. कथेच्या शेवटी त्याची साक्ष निर्णायक ठरणार आहे.

३/
मेनार्डच्या आधी काय होते? आपण मराठीत आजही ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतो. दातात खरोखरच किडा असतो, ही समजूत बॅबिलोनपासून युरोपपर्यंत हजारो वर्षे प्रचलित होती.

फ्रान्समधील पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये दंतशस्त्रक्रियेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडा खरोखर आहे का, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहिले. तो काही सापडला नाही. दात पोखरून आतला पू वाहून जाऊ द्यावा, असा उपायही त्यांनी वर्णिला. त्यासाठी त्यांच्याजवळ बारीक टाचण्या आणि सुया होत्या. नळीसाठी खास घडवलेले हत्यार अजून जन्माला यायचे होते.

४/
मेनार्ड हे वेगळेच रसायन होते. १८४५ मध्ये त्यांनी बंदुकीसाठी टेप प्रायमरचे पेटंट घेतले. कागदी पट्टीत स्फोटक टिकल्या बसवायच्या आणि घोडा ओढला की पट्टी पुढे सरकायची. दिवाळीत आपण टिकल्यांची बंदूक उडवतो, तेच तत्त्व! अमेरिकी सैन्याच्या १८५५ च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीत ही योजना वापरली गेली. पुढे मेनार्ड कार्बाइन अमेरिकी यादवी युद्धात लढली.

बंदूक असो वा दात, दोन्हीकडे मेनार्ड यांना लागत होते ते बारीक, लवचीक आणि न तुटणारे पोलाद. दाताच्या हत्याराचा इतिहास हा धातूचा इतिहास आहे, हे सूत्र येथपासून दिसते.

५/
पुढची पन्नास वर्षे पूरक शोधांची आहेत. नळी भरण्यासाठी १८६७ मध्ये बोमन यांनी गटापर्चा हा झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ वापरला. दात लाळेपासून वेगळा ठेवणारी रबराची चादर सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये आणली.

हत्यारे मात्र घासून, पिळून बनवलेल्या तारांचीच राहिली. चौकोनी किंवा त्रिकोणी तार पिळली की तिच्या कडा मळसूत्रासारख्या फिरतात आणि भिंत खरवडू लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी कर कंपनीने याच पद्धतीने बनवलेली फाईल रूढ केली. आजच्या ‘के-फाईल’मधला ‘के’ तिच्याच नावातला.

६/
फाईल म्हणजे शब्दशः कानस. सुतार लाकडाला कानस मारतो तेव्हा भुसा पडतो. दंतवैद्य नळीत फाईल फिरवतो तेव्हा डेंटिनचा भुसा पडतो. मेनार्ड यांची तार मगज ओढून काढण्यापुरती होती. फाईल भिंतच कापू लागली. त्यामागे कारण होते. जंतू भिंतीला चिकटून बसतात, आणि नळी रुंद केल्याशिवाय औषध शेवटपर्यंत पोहोचत नाही.

येथून व्यवहार सुरू झाला : स्वच्छता हवी असेल, तर भिंतीचा काही भाग मोजून द्यावा लागेल.

७/
१८८९ मध्ये बॉस्टनचे विल्यम रोलिन्स यांनी नळीतील सुई यंत्राने फिरवण्याची युक्ती काढली. सुई तुटू नये म्हणून वेग मिनिटाला १०० फेऱ्यांपुरता मर्यादित ठेवला. कल्पना शंभर वर्षे पुढची होती, पण पोलाद मागे पडले. वाकड्या नळीत फिरणारे पोलाद तुटते, किंवा भिंत फोडून स्वतःची वाट काढते.

शिवाय दंतवैद्य तेव्हा चाचपडतच काम करत होते. मूळ किती लांब आहे, कोठे वळते, हे पाहण्याचे साधनच नव्हते.

८/
१८९५ मध्ये रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. १८९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनी दाताच्या नळीत तार ठेवून तिचे क्ष-किरण चित्र घेतले. नळीतले काम प्रथमच डोळ्यांना दिसले.

किंमत भयंकर होती. संरक्षणाविना वर्षानुवर्षे किरणांत काम केल्याने केल्स यांची बोटे आणि अखेरीस हात गेला. या किरणांच्या धोक्याविषयी अगदी आरंभी इशारे देणाऱ्यांत एक नाव होते, तेच विल्यम रोलिन्स.

९/
मग एक भाषण झाले आणि सारा उद्योगच संकटात आला. १९१० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी सडलेल्या मुळांवर चढवलेल्या सोन्याच्या टोप्या आणि पुलांवर कठोर टीका केली. तोंडातला जंतुसंसर्ग शरीरभर रोग पसरवतो, असा त्यांचा आरोप होता.

‘केंद्रीय संसर्गा’चा हा सिद्धांत इतका ताणला गेला की पुढची दोन-तीन दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंत अनेक तक्रारींवर उपाय म्हणून दात उपटले गेले. कित्येक दात विनाकारण गेले. रूट कॅनाल करणाऱ्यांना आता आपले काम शास्त्रशुद्ध आहे, हे सिद्ध करणे भाग होते.

१०/
या शास्त्रशुद्धतेतली एक अडचण आज हास्यास्पद वाटेल. फाईलींना क्रमांक होते, परंतु त्यांना ठरलेला अर्थ नव्हता. एका कारखान्याची तीन नंबरची फाईल दुसऱ्याच्या तीन नंबरशी जुळेलच असे नाही.

१९५८ मध्ये फिलाडेल्फियातील परिषदेत जॉन इंगल यांनी प्रमाणीकरणाचा प्रस्ताव मांडला आणि १९६१ मध्ये त्यावर आधारित पद्धत प्रसिद्ध केली. नियम सोपा होता : फाईलचा क्रमांक म्हणजे टोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. कापणारी लांबी १६ मिलिमीटर. आणि टोकापासून वर जाताना दर मिलिमीटरला व्यास ०.०२ मिलिमीटरने वाढणार.

११/
म्हणजे २५ नंबरची फाईल टोकाशी ०.२५ मिलिमीटर, आणि १६ मिलिमीटर वर ०.५७ मिलिमीटर. जगात कोठेही घ्या, तीच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. वजन-मापे एक झाली की व्यापार वाढतो. हत्यारांची मापे एक झाली की ज्ञान वाढते. कोणत्या हत्याराने किती डेंटिन गेले, याची तुलना आता शक्य झाली. तुलना होताच दोष उघडे पडू लागले.

१२/
पहिला दोष वळणाचा. दाताचे मूळ क्वचितच सरळ असते. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० नंबरवरून २० वर गेलात, तर टोकाशी व्यास दुप्पट, पण ताठपणा सोळापट.

ताठ पोलाद वळणात शिरले की सरळ होऊ पाहते. त्यामुळे टोकाजवळ ते वळणाची बाहेरची भिंत जास्त कापते, तर मध्यभागी आतली. १९७५ मध्ये वाईन आणि सहकाऱ्यांनी पारदर्शक रेझिनच्या ठोकळ्यांत वाकड्या नळ्या तयार करून हे दाखवले. मूळ नळीचे टोक अश्रूच्या थेंबासारखे फाकत होते आणि त्याच्या अलीकडे अरुंद ‘कोपर’ तयार होत होते.

१३/
खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात धोका अधिक. दोन मुळांच्या बेचक्याकडची तिची भिंत काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटरची असते. तेथे फाईल थोडी जास्त फिरली की भिंतीला भोक पडते.

१९८० मध्ये अबू-रास, फ्रँक आणि ग्लिक यांनी या भागाला जपण्याची पद्धत सांगितली : जाड भिंतीकडे जोर द्या, बेचक्याकडे नको. हत्यार तेच राहिले, हाताला शिस्त आली. तरीही पोलादाचा ताठपणा ही मूळ व्याधी कायमच होती. तिचे औषध एका शस्त्रागारातून यायचे होते.

१४/
अमेरिकी नौदलाच्या मेरीलँडमधील शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा मिश्रधातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू त्यांना विशेष वाटला. १९६० च्या सुमारास एका बैठकीत त्याची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी या अधिकाऱ्याने गंमत म्हणून तिच्याखाली आपला पाइप पेटवण्याचा लायटर धरला. पट्टी आपोआप उलगडून सरळ झाली!

आपला आकार स्मरणात ठेवणाऱ्या या धातूचे नाव ‘निटिनॉल’ : निकेल, टायटॅनियम आणि नौदलाच्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे.

१५/
उष्णतेने आकार परत मिळवण्याबरोबर त्याचा दुसरा गुण म्हणजे विलक्षण लवचीकता. १९७० च्या दशकात आयोवा विद्यापीठाचे जॉर्ज अँड्रिअसन यांनी तो दात सरळ करण्याच्या तारांत आणला.

१९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी त्याच तारेतून १५ नंबरच्या फाईली घडवल्या. त्या पोलादी फाईलींपेक्षा दोन ते तीनपट लवचीक निघाल्या आणि पीळ सोसण्यातही सरस ठरल्या. घड्याळाच्या स्प्रिंगपासून बरोबर १५० वर्षांनी हत्याराचा धातू बदलला.

१६/
आता रोलिन्स यांची कल्पना व्यवहारात उतरली. १९९० च्या दशकात यंत्राने सतत फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियम फाईली बाजारात आल्या. वेग साधारणपणे मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास. नळी वळणासकट राखली जाऊ लागली आणि वेळ वाचू लागला.

सोबत एक शांत बदल झाला. इंगल यांच्या नियमातील ०.०२ चा उतार मागे पडून काही फाईलींचा उतार ०.०६, ०.०८, अगदी ०.०९ पर्यंत गेला. टोक बारीक, पण वरचा भाग जाड. कमी फाईलींत काम होई, मात्र मुळाच्या वरच्या भागातले डेंटिन अधिक जाई.

१७/
साहजिकच शंका आली : इतक्या वेगाने, इतक्या जाड फाईली फिरवल्यावर भिंतीला चिरा पडत नसतील का? मूळ उभे चिरले, तर तो दात बहुतेक वेळा काढावाच लागतो.

२००९ मध्ये बीअर, शेमेश आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. खालच्या जबड्यातील २६० उपदाढा घेतल्या. काही तशाच ठेवल्या, काही हाताने तासल्या, उरलेल्या चार प्रकारच्या यंत्र-फाईलींनी. मग मुळे टोकापासून ३, ६ आणि ९ मिलिमीटरवर आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

१८/
निकाल ठळक होता. न तासलेल्या आणि हाताने तासलेल्या दातांत एकही दोष नाही. यंत्र-फाईलींपैकी एका प्रकारात शून्य, तर बाकी तिघांत अनुक्रमे १६, ८ आणि ४ टक्के दातांत चिरा.

यानंतर अशा अभ्यासांची रीघ लागली. दात कापा, चिरा मोजा, फाईलींची क्रमवारी लावा. ‘यंत्राच्या फाईलीने दाताला चिरा पडतात’ हे वाक्य जवळजवळ सर्वमान्य झाले. पुरावाही डोळ्यांसमोर होता : छायाचित्रात चीर स्पष्ट दिसते, मग शंका कसली?

१९/
इतिहासाचा अभ्यासक येथे थबकेल. कागद डोळ्यांसमोर आहे, एवढ्याने तो विश्वसनीय ठरत नाही. तो कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत तयार केला, हे विचारावे लागते. येथेही तोच प्रश्न होता : चीर दिसते हे खरे, पण ती पडली केव्हा? फाईल फिरताना? दात उपटताना? की कापताना, वाळताना?

कापलेला दात पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून त्या दाताची ‘आधीची’ अवस्था पाहणे या पद्धतीत अशक्यच होते. तुलना होत होती ती दुसऱ्या दाताशी.

२०/
२०१४ मध्ये ब्राझीलचे गुस्ताव्हो दे-देउस आणि सहकाऱ्यांनी दात न कापता पाहिले. सूक्ष्म-सीटी या क्ष-किरण तंत्राने खालच्या दाढांच्या ३० मुळांची प्रतिमा तासण्यापूर्वी घेतली आणि तासल्यानंतर पुन्हा घेतली. प्रत्येक दाताची तुलना त्याच दाताशी.

नंतरच्या प्रतिमांत चिरा होत्या. पण त्यांतली प्रत्येक चीर आधीच्या प्रतिमेतही होती! फाईलीने नवी चीर पाडल्याचा पुरावा मिळाला नाही. मग त्या आधीच्या चिरा आल्या कोठून?

२१/
आता ते १० टक्के पाणी आठवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा : मुळातील डेंटिन वाळले की त्याला चिरा पडतात, मग त्यात फाईल फिरवलेली असो वा नसो. या अभ्यासाच्या लेखकांत पहिले नाव होते हागाय शेमेश. २००९ च्या त्या गाजलेल्या अभ्यासातील तेच शेमेश.

२०१९ मध्ये दे-देउस यांच्या गटाने मृतदेहांच्या जबड्यांतील दात हाडात असतानाच तपासले. तेथे सूक्ष्म चिरा आढळल्या नाहीत. संशय दात उपटणे, साठवणे आणि प्रयोगशाळेतील हाताळणी यांवर आला.

२२/
वाद पुरता मिटला, असे मात्र म्हणता येत नाही. सूक्ष्म-सीटीची नजरही मर्यादित आहे. अतिशय बारीक चिरा तिच्यातून निसटू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय तोंडातला दात वर्षानुवर्षे चावण्याचा भार सोसतो, आणि प्रयोगशाळेत ती वर्षे उभी करता येत नाहीत.

तरी आरोपपत्र बदलले. ‘फाईल चिरा पाडते’ या ठाम विधानाच्या जागी प्रश्न आला : फाईल किती डेंटिन काढते, आणि कोठून?

२३/
अशीच एक जुनी समजूत आपल्याकडेही ऐकू येते : ‘रूट कॅनाल केला की दात मरतो आणि ठिसूळ होतो.’ तिला आधार होता. १९७२ मध्ये हेल्फर, मेल्निक आणि शिल्डर यांना कुत्र्यांच्या पल्प नसलेल्या दातांत पाण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळले.

पण १९९२ मध्ये सेजली आणि मेसर यांनी माणसांच्या दातांच्या २३ जोड्या तपासल्या : एकाच तोंडातले, डावी-उजवीकडचे समोरासमोरचे दात, एक रूट कॅनाल केलेला, दुसरा जिवंत. डेंटिनच्या बळात महत्त्वाचा फरक सापडला नाही. फक्त कठीणपणात सुमारे ३.५ टक्के फरक होता.

२४/
मग रूट कॅनालचे दात तुटतात का? १९८९ मध्ये रीह, मेसर आणि डग्लस यांनी दाताचा ताठपणा टप्प्याटप्प्याने मोजला. रूट कॅनालच्या कामाने तो केवळ ५ टक्के घटला. चावण्याच्या पृष्ठावर खड्डा केल्याने २० टक्के. आणि तो खड्डा दोन्ही बाजूंच्या कडा फोडून आरपार नेला, तर ६३ टक्के!

म्हणजे दात दुबळा होतो तो मुख्यतः वरची भिंत गेल्याने : आधी किडीने, मग भरण्यासाठी केलेल्या कोरीव कामाने. दाढेचा रूट कॅनाल झाल्यावर कॅप बसवा असे सांगितले जाते, त्यामागचे खरे कारण हे आहे. उरलेल्या भिंती एकत्र बांधून ठेवायच्या असतात.

२५/
नळी साफ करण्याचा प्रश्नही सुटलेला नाही. २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म-सीटीने दाखवले की कोणतेही हत्यार वापरा, नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा अधिक भाग अस्पर्शच राहतो. नळी गोल नसते, फाईल गोल फिरते.

उरलेले काम सोडियम हायपोक्लोराइटसारखी द्रावणे करतात. पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी वापरलेल्या डेकिनच्या द्रावणाचे हे वंशज. तेही निरुपद्रवी नाहीत : तीव्र द्रावण डेंटिनची लवचीकता आणि बळ घटवते, असे २००१ च्याच एका ब्रिटिश अभ्यासात दिसले. हत्यार बदला किंवा औषध. भिंतीकडून काही ना काही वसूल होतेच.

२६/
मेनार्ड यांच्या स्प्रिंगपासून आजवरच्या या प्रवासात प्रत्येक हत्याराने आधीच्याचा एक दोष दूर केला आणि नवा प्रश्न उभा केला. पोलाद वळणात चुकत होते, ते निकेल-टायटॅनियमने सावरले; मग जाड उताराने डेंटिन अधिक गेले; आता पुन्हा कमी उताराच्या फाईली आणि लहान प्रवेशमार्ग यांकडे कल दिसतो.

आपल्यासाठी धडा २००९ ते २०१९ या दशकात आहे. शेकडो छायाचित्रांत दिसणारी चीर खोटी नव्हती. तिची तारीख चुकली होती. पुरावा तपासताना ‘काय दिसते?’ याच्याबरोबर ‘हे पाहण्यासाठी आपण काय केले?’ हेही विचारावे लागते. दाताचा अभ्यास असो वा बखरीचा, हा प्रश्न टाळता येत नाही. आणि आपल्याच जुन्या निष्कर्षाची फेरतपासणी करणारा संशोधक भेटला, तर त्याचे नाव लक्षात ठेवावे.

धागा येथे संपला. पुढच्या वेळी रूट कॅनालसाठी खुर्चीत बसाल, तेव्हा दंतवैद्याच्या हातातल्या त्या बारीक तारेकडे एकदा नीट पाहा.